आंबापेट्यांच्या सामायिक शीटमधील नोंदी कशा सांभाळाव्यात

हापूसचा हंगाम जेमतेम मार्च ते मे असतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गातील घरगुती बागायतदारही आता पेट्यांची मागणी गूगल फॉर्मवर घेऊ लागले आहेत. ग्राहकाने भरलेली माहिती फॉर्मला जोडलेल्या शीटमध्ये ओळीओळीने जमा होते आणि तिच्यावर बागेतला भाऊ, पेट्या भरणारी वहिनी व मुंबईत माल उतरवून घेणारा पुतण्या असे तिघे एकाच वेळी काम करतात. ही माहिती मुद्दाम कोणी पुसत नाही. ती बहुधा चुकीच्या सॉर्टने, म्हणजे ओळींचा क्रम बदलताना, किंवा एकाच्या नोंदीवर दुसऱ्याची नोंद चढल्याने जाते, म्हणूनच गेल्याचे उशिरा कळते.

सर्वप्रथम शीटची लिंक हाती असलेल्या कोणालाही बदल करता येतील अशी मुभा बंद करावी आणि जे खरोखर नोंद करणार आहेत त्यांनाच, त्यांच्या ई-मेलवर, एडिटरचा हक्क द्यावा. फॉर्मचा हक्क तर एकाकडेच ठेवावा, कारण फॉर्ममधून डिलीट केलेले प्रतिसाद परत मिळत नाहीत. उलट शीटमधली ओळ गेली तरी मूळ प्रतिसाद फॉर्ममध्ये शाबूत असतो. मात्र ‘पैसे आले’, ‘पेटी पाठवली’ हे रकाने आपण हाताने भरलेले असतात आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नसते. खरी काळजी त्यांची घ्यायची आहे.

या रकान्यांचा मोठा शत्रू म्हणजे सॉर्ट. एका हंगामात मी गावांप्रमाणे यादी लावण्यासाठी नाव-पत्त्याचे रकाने तेवढे निवडून सॉर्ट केले. पैशांचा रकाना जागीच राहिला आणि चिपळूणच्या ग्राहकाचे पैसे ठाण्याच्या ग्राहकासमोर दिसू लागले. आकडे सगळे होते, बेरीजही जुळत होती, त्यामुळे चार दिवस कोणाला शंकाही आली नाही. यावर उपाय असा की मूळ शीट कधीच सॉर्ट करू नये. ‘डेटा’ मेनूतून फिल्टर व्ह्यू तयार करून त्यात हवी तशी मांडणी करावी. त्याने इतरांना दिसणारा क्रम बदलत नाही. त्याच मेनूतील ‘प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस’ वापरून ग्राहकाने भरलेले रकाने इतरांसाठी बंद करून ठेवावेत.

त्यानंतर रकाने वाटून घ्यावेत: पैशांचा पुतण्याकडे, भरलेल्या पेट्यांचा वहिनीकडे. आमच्याकडे सड्यावर, म्हणजे गावावरच्या कातळाच्या पठारावर, गेल्याशिवाय रेंज मिळत नाही आणि वळवाच्या पावसात लाईटही जाते, त्यामुळे ऑफलाइन केलेले बदल तासाभराने वर चढतात. तेवढ्यात त्याच चौकटीत दुसऱ्याने काही लिहिले असेल तर दोहोंपैकी एकच नोंद उरते. प्रत्येकाचा रकाना वेगळा असला की ही टक्कर होत नाही.

हंगाम चालू असताना फॉर्ममधला प्रश्न काढून टाकू नये. पर्यायाचे शब्दही बदलू नयेत, कारण जुन्या प्रतिसादांत जुनेच शब्द राहतात आणि ‘५ डझन’ व ‘पाच डझनाची पेटी’ अशा दोन वेगळ्या मोजण्या होऊन बसतात.

एवढे करूनही गडबड झालीच, तर प्रथम सगळ्यांना फोन करून काम थांबवायला सांगावे. एकाच चौकटीचा प्रश्न असेल तर तिच्यावर राइट क्लिक करून ‘शो एडिट हिस्टरी’ पाहावी. कोणी, केव्हा, काय बदलले ते तिथे दिसते. नुकसान मोठे असेल तर ‘फाइल’ मेनूतील व्हर्जन हिस्टरी उघडून बिघाडाच्या आधीची आवृत्ती शोधावी. घाईने ‘रिस्टोअर’ मात्र दाबू नये, कारण त्या आवृत्तीनंतर तिघांनी केलेले बरोबर कामही शीटवरून उडते. त्या आवृत्तीची वेगळी प्रत काढावी आणि ग्राहकाचा फोन नंबर व प्रतिसादाची वेळ जुळवून फक्त बिघडलेला रकाना तिच्यातून चालू शीटमध्ये आणावा.