दगडी भिंतींच्या घरात वायफाय रिपीटर कुठे आणि कसा लावावा

ज्या खोलीत रेंज नाही, त्या खोलीत रिपीटर लावू नका. हे मी सगळ्यात आधी लिहितो, कारण साताऱ्यात वायरमनची कामं करत घरोघरी फिरताना तो मला बहुतेक वेळा तिथेच लावलेला दिसतो. मागच्या खोलीत नेट येत नाही म्हणून माणूस रिपीटर आणतो आणि त्याच खोलीच्या बोर्डात खोचतो. व्हिडिओ आधीसारखाच अडकतो. मग रिपीटर बिनकामाचा ठरतो आणि खोक्यात परत जातो. वस्तू चांगली असते, जागा चुकलेली असते.

रिपीटर स्वतः इंटरनेट तयार करत नाही. राउटरची लहर पकडायची आणि नव्या जोमाने पुढे सोडायची, एवढंच त्याचं काम. पाट कोरडा पडलाय तिथून दंड काढून शेत भिजत नाही, पाणी भरून वाहतंय तिथेच पाट फोडावा लागतो. म्हणून रिपीटरची जागा म्हणजे राउटरची रेंज अजून चांगली आहे अशी, पण अडचणीच्या खोलीकडे सरकलेली जागा.

माझ्या मावशीचं घर शनिवार पेठेत आहे. पुढे ओसरी, मग माजघर, स्वयंपाकघर, छोटा चौक आणि चौकापलीकडे नंतर बांधलेल्या दोन स्लॅबच्या खोल्या. जुन्या भागाच्या भिंती काळ्या दगडाच्या, दीड-दोन फूट जाड. फायबरची वायर रस्त्यावरून येते, म्हणून जोडणीवाल्यांनी राउटरचा डबा ओसरीतल्या खिडकीशेजारीच ठोकला. मावसबहीण एमपीएससीचा अभ्यास करते ती अगदी मागच्या खोलीत. तिने रिपीटर टेबलाशेजारच्या सॉकेटला लावला होता. फोनवर रेंजच्या सगळ्या कांड्या भरलेल्या, आणि क्लासचा व्हिडिओ मात्र दर मिनिटाला गोल फिरत थांबलेला. मावशी म्हणाली, "अरे, कांड्या तर पूर्ण दिसतायत, मग चालत का नाही?"

त्या कांड्या फोन आणि रिपीटर यांच्यातल्या असतात. रिपीटर हातभर अंतरावर आहे, मग त्या भरणारच. रिपीटर आणि राउटर यांच्यातली जोडणी कशी आहे ते फोन दाखवत नाही, आणि खरी अडचण तिथेच असते. काही रिपीटरवर त्यासाठी वेगळा दिवा असतो: जोडणी बरी असेल तर हिरवा किंवा निळा, कमजोर असेल तर लाल किंवा नारिंगी. कोणत्या रंगाचा अर्थ काय, ते सोबतच्या कागदावर छापलेलं असतं. तो कागद फेकू नका.

जागा मोजून ठरवायची. अँड्रॉइड फोनवर वायफाय अॅनालायझर प्रकारची फुकट अॅप्स मिळतात, त्यातलं एक घ्या. ते तुमच्या वायफायसमोर उणे चिन्हाचा एक आकडा दाखवतं, डीबीएम या रेंजच्या मापात. आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. राउटरशेजारी उणे ३० ते ४० दिसेल. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो. उणे ७५ च्या पुढे गेलात की अडकणं सुरू, आणि उणे ८५ ला फोन वायफाय सोडूनच देतो. एक गोष्ट लक्षात असू द्या: आकडा तीनने घसरला की लहरीची ताकद निम्मी होते आणि दहाने घसरला की दहाव्या हिश्श्यावर येते. उणे ६० आणि उणे ७० ऐकायला जवळ वाटतात, प्रत्यक्षात दहा पटींचा फरक आहे.

मोजताना रिपीटर बंद ठेवा, नाहीतर त्याचाच आकडा वाचत बसाल. फोन सॉकेटच्या उंचीवर धरा. छातीशी धरू नका, माणसाच्या अंगात पाणी असतं आणि ते लहर शोषून घेतं. प्रत्येक बोर्डापाशी अर्धा मिनिट थांबा, कारण आकडा वरखाली होत असतो. उणे ५५ ते ६५ च्या दरम्यानचा, मागच्या खोलीला सगळ्यात जवळचा बोर्ड शोधा. मावशीच्या घरी मागच्या खोलीत उणे ८१ होतं. माजघराच्या दारालगतच्या बोर्डावर उणे ५८. तीच जागा धरली.

आपल्याकडच्या घरांत दोन खोल्यांमधलं अंतर फुटांत मोजून काही कळत नाही. साताऱ्याच्या पेठांत काय, वाईत काय, जुन्या दगडी भिंतीतून लहर जवळजवळ पार होतच नाही. ती दारातून, खिडकीतून, जिन्याच्या पोकळीतून जाते. म्हणून मी आधी दारं बघतो. ओसरीचं दार, माजघराचं दार, स्वयंपाकघराचं दार एका रेषेत असेल तर त्या रेषेतला बोर्ड सोन्यासारखा. कोपऱ्यातल्या बोर्डावर तीन फुटांनीच रेंज पडते, आणि समोरच्या दारात वीस फुटांवर ती छान असते. वरच्या माडीवर रेंज हवी असेल तर रिपीटर जिन्याच्या तोंडाशी लावा. जुन्या माडीची जमीन लाकडी असेल तर लहर वर जाते, नव्या स्लॅबमध्ये सळयांची जाळी असते आणि ती बरीच अडवते.

धातू सगळ्यात वाईट. लोखंडी कपाट, फ्रिज, भिंतीवरचा मोठा आरसा, पाण्याची भरलेली टाकी, यांच्या मागे रिपीटर ठेवू नका. महाबळेश्वरकडे झड आत येऊ नये म्हणून पावसाआधी घराच्या अंगाला पत्रे किंवा ताडपत्री लावतात. ताडपत्रीतून लहर जाते, पत्र्यातून जात नाही. चौकातून किंवा बाहेरच्या खिडकीतून तुमची रेंज येत असेल तर उन्हाळ्यात ठरवलेली जागा पावसाळ्यात पुन्हा मोजा. दगडमातीची भिंत श्रावणात पाणी धरते, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त अडवते.

विकत घेताना खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. "३०० एमबीपीएस" हा कागदावरचा वेग आहे, हातात त्याच्या निम्म्याहूनही कमी येतो. त्यात एकाच पट्ट्यावर, म्हणजे बँडवर, चालणारा रिपीटर त्याच रेडिओवर घेतो आणि त्याच रेडिओवर देतो. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून वेग आणखी निम्मा होतो. दोन पट्ट्यांचा, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही असलेला रिपीटर एका पट्ट्यावर घेऊन दुसऱ्यावर देऊ शकतो. पैसे थोडे जास्त पडतात, पण पडू द्या. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असतो, मात्र भिंतीपुढे लवकर हरतो, २.४ हळू असतो आणि जास्त लांब पोचतो. दारं रेषेत असतील तर राउटर ते रिपीटर हा टप्पा ५ वर ठेवा, मध्ये भिंत असेल तर २.४ वर. आणि घरचा राउटर फक्त ५ वर लावून ठेवलेला असेल तर फक्त २.४ वर चालणाऱ्या एकपट्टी रिपीटरला तो दिसणारही नाही.

आता जोडणी. पहिल्यांदा रिपीटर राउटरच्याच खोलीत लावा, अंतिम जागी नको. सेटिंग एकदा झालं की प्लग काढला तरी ते पुसलं जात नाही, निवांत उचलून न्या.

सोपी पद्धत डब्ल्यूपीएस बटणाची, त्यात पासवर्ड टाकावा लागत नाही. राउटरवरचं बटण दाबा आणि दोन मिनिटांच्या आत रिपीटरवरचं दाबा. दिवा लुकलुकून स्थिर झाला की झालं. पण कंपनीने दिलेल्या पुष्कळ डब्यांवर हे बटण बंद करून ठेवलेलं असतं, आणि वायफायची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए ३ या नव्या पद्धतीवर असेल तर ते चालतच नाही. मग ब्राउझरमधून करायचं.

फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे विसरू नका, कारण रिपीटरच्या वायफायवर अजून इंटरनेट नसतं आणि फोन गुपचूप मोबाइल नेटकडे पळतो, मग पान उघडत नाही. वायफायच्या यादीत रिपीटरचं स्वतःचं नाव दिसेल, त्याला जोडा. रिपीटरच्या मागच्या स्टिकरवर पत्ता दिलेला असतो, तो ब्राउझरमध्ये टाका. पहिल्याच पानावर तो नवा पासवर्ड मागेल. हा रिपीटरच्या सेटिंगचा पासवर्ड, वायफायचा नव्हे. admin वगैरे ठेवू नका, नीट ठेवा आणि वहीत लिहा. पुढे तो आसपासची वायफाय शोधेल. पेठेत शेजाऱ्यांची दहा-पंधरा नावं येतात, त्यातून आपलं निवडा, घरचा पासवर्ड टाका. लहान-मोठी अक्षरं जशीच्या तशी. सर्वात जास्त वेळ इथेच जातो.

मग तो विचारेल की नव्या वायफायला नाव काय द्यायचं. राउटरचंच नाव आणि पासवर्ड दिला तर घरात फिरताना फोन आपला आपण जागा बदलतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरी मी हेच करतो, त्यांना यादीत जाऊन निवडायला लावू नये. पण काही फोन हट्टी असतात, लांबच्या राउटरची मरतुकडी रेंज धरून बसतात आणि शेजारच्या रिपीटरकडे वळत नाहीत. मागच्या खोलीतला कॉम्प्युटर किंवा टीव्ही जागचा हलणार नसेल तर रिपीटरला वेगळं नाव द्या आणि त्याला तेच एक कायम जोडून ठेवा. मावसबहिणीच्या लॅपटॉपसाठी वेगळंच नाव ठेवलं.

२.४ च्या पट्ट्यात शेजाऱ्यांची गर्दी असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी मोकळा असेल तो कायम करा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ५ च्या पट्ट्यात ३६ ते ४८ मधला चॅनल घ्या, वरचे काही चॅनल स्वस्त रिपीटरना पकडता येत नाहीत. रिपीटरला चॅनल द्यावा लागत नाही, तो राउटरच्या मागे जातो.

आता रिपीटर ठरलेल्या बोर्डावर न्या, दोन मिनिटं थांबा, आणि मागच्या खोलीत बसून वेग तपासा. मावशीकडे प्लॅन ४० एमबीपीएसचा होता. रिपीटरवरून मागच्या खोलीत १४-१५ मिळाले. व्हिडिओ क्लासला चार-पाच पुरतात. वेग कमी वाटला तर रिपीटर राउटरकडे एक बोर्ड मागे सरकवा. उलटं वाटतं, पण बहुतेक वेळा त्याने वेग वाढतो.

वायरमन म्हणून आता थोडं विजेचं. भिंतीत खोचायचा रिपीटर जड असतो, जुन्या पाच अँपिअरच्या सॉकेटच्या पट्ट्या सैल झालेल्या असतात. तो लोंबकळतो, संपर्क तुटतो, आतल्या आत ठिणग्या पडतात आणि नेट "आपोआप" जातं. सॉकेट बदलून घ्या, खर्च किरकोळ आहे. इस्त्री, मिक्सर लागतो त्या बोर्डावर रिपीटर नको, कारण कुणीतरी सवयीने बटण बंद करतं. बटणावर चिकटपट्टी लावा. आणि वीज गेल्यावरही नेट हवं असेल तर राउटर आणि रिपीटर दोन्ही इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत का ते मेन बंद करून एकदा बघा. आपल्याकडे इन्व्हर्टर बऱ्याचदा फक्त दिवे-पंख्यांना दिलेला असतो. वीज परत आल्यावर फायबरचा डबा उभा राहायला वेळ घेतो. पाच मिनिटांनंतरही रिपीटर जोडला नाही तर त्याचा प्लग काढून पुन्हा लावा. आणि घरच्या वायफायचा पासवर्ड बदललात तर रिपीटरचं सेटिंगही पुन्हा करावं लागतं.

आता ज्यांच्या घरी माजघरातच उणे ७५ येतं, त्यांनी रिपीटरचा नाद सोडावा. तिथे राउटरपासून अडचणीच्या खोलीपर्यंत लॅन केबल, म्हणजे नेटची तार, ओढावी, माझं स्वतःचं मत तर जमेल त्या प्रत्येक घरात केबलच ओढावी असं आहे. केसिंग पट्टीतून किंवा छताच्या कडेने नेली तर दिसतही नाही. एकसलग १०० मीटरपर्यंत चालते. कॅट ६ घ्या, आतली तार अस्सल तांब्याची बघून घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार स्वस्त असते आणि वाकवली की तुटते. विजेच्या वायरसोबत एकाच पाइपातून नेऊ नका. वाड्यातून समोरच्या गोठ्यावर किंवा शेतघरात उघड्यावरून तांब्याची केबल तर मुळीच नको. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली की दोन्हीकडचे डबे जातात. तिथे फायबर टाका आणि दोन्ही टोकांना फायबर लॅनला जोडणारे कन्व्हर्टर लावा.

केबल ओढलीत तरी तोच रिपीटर कामी येतो, त्याला लॅनचं भोक असेल तर. सेटिंगमध्ये रिपीटर मोड बदलून अॅक्सेस पॉइंट मोड निवडा आणि केबल जोडा. आता तो लहर पकडत नाही, तारेतून घेतो, त्यामुळे तो खुशाल रेंज नसलेल्या खोलीतच लावायचा, आणि वेग निम्मा होत नाही. स्वस्त रिपीटरचं भोक १०० एमबीपीएसपर्यंतच चालतं, घरच्या प्लॅनला ते बहुधा पुरतं. टोकं स्वतः क्रिंप करणार, म्हणजे तारेवर जॅक दाबून बसवणार असाल, तर जॅकची कडी खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि केबल घुसते ते तोंड आपल्याकडे धरून डावीकडून रंगांचा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच.