खांदेरीच्या 1679 च्या आरमारी लढाईसाठी प्रमाणबद्ध टेबल

मुंबईच्या दक्षिणेला, थळच्या किनाऱ्यासमोर असलेल्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये किल्ला बांधायला घेतला आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी बेटाची नाकेबंदी केली. 18 ऑक्टोबरच्या लढाईत मराठ्यांनी कंपनीची ‘डोव्हर’ ही गुराब (शिडांची लढाऊ नौका) पकडली, कंपनीचीच ‘रिव्हेंज’ मात्र झुंजत राहिली. या मोहिमेत मोठ्या तोफांइतकाच निर्णायक ठरला तो उथळ पाण्याचा पट्टा, कारण मराठ्यांच्या वल्ह्यांच्या लहान नौका तिथून ये-जा करू शकत होत्या आणि खोल बुडाच्या जहाजांना तिथे शिरणे धोक्याचे होते. म्हणून जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींनी ही लढाई खेळण्यासाठी बनवायच्या या टेबलावर बेटाच्या सजावटीपेक्षा समुद्रतळावर अधिक मेहनत घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

थळ ते खांदेरी हे अंतर साधारण चार-पाच किलोमीटर आहे. 1:4000 या प्रमाणात 180 × 120 सेंटिमीटरच्या टेबलावर 7.2 × 4.8 किलोमीटरचा प्रदेश बसतो; पूर्वेच्या कडेला थळचा किनारा, त्याच्या जवळ उंदेरी हे दुसरे बेट, पलीकडे खांदेरी आणि पश्चिमेला नाकेबंदीच्या जहाजांसाठी मोकळा समुद्र अशी मांडणी करता येते. जहाजे या प्रमाणात दिसेनाशी होतील, म्हणून ती 1:1200 ची घ्यावीत. मग उंचीचाही विचार करावा लागतो: खांदेरीची दक्षिणेकडची सुमारे 30 मीटरांची टेकडी 1:4000 मध्ये पाऊण सेंटिमीटरचीच होते आणि डोलकाठ्या तिच्याहून उंच दिसतात. बेटांची लांबी-रुंदी 1:4000 मध्ये आणि उंची 1:1200 मध्ये, म्हणजे या टेकडीसाठी अडीच सेंटिमीटर, ठेवली की ही विसंगती मिटते.

पायासाठी 12 मिलिमीटर प्लायवूडचे 90 × 60 सेंटिमीटरचे चार तुकडे पुरतात. त्यांना खालून लाकडी पट्ट्या ठोकाव्यात, नाहीतर पाण्याचा रंग लागताच प्लाय वाकते. नौकानयनाच्या नकाशावरील खोलीचे आकडे पाहून प्लायवर तीन पट्टे आखावेत: ओहोटीला उघडी पडणारी खडपे व वाळू, फक्त लहान नौकांना पुरेल एवढे पाणी, आणि मोठ्या जहाजांना सुरक्षित पाणी. नकाशावरील खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते, हे पट्टे ठरवताना विसरू नये. पहिल्या पट्ट्याला मातकट पिवळा, दुसऱ्याला हिरवट आणि तिसऱ्याला गडद निळा रंग देऊन सीमा ओल्या ब्रशने किंचित मिसळाव्यात, पण खेळताना वाद होणार नाही इतक्या त्या स्पष्ट राहिल्या पाहिजेत.

उधाणाच्या वेळी या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांच्या पुढे जातो, त्यामुळे एकच स्थिर समुद्र रंगवणे चुकीचे ठरेल. भरतीच्या वेळी मधला पट्टा किती विस्तारतो, ते पातळ पारदर्शक प्लास्टिकवर आखून तो तुकडा गरजेप्रमाणे टेबलावर पसरावा. वाऱ्यासाठी कडेला फिरता बाण बसवावा. ऑक्टोबरात पहाटे जमिनीकडून मतलई वारे आणि दुपारी समुद्राकडून खारे वारे, ही अदलाबदल नियमांत धरावी.

बेटे दाट फोमच्या थरांतून कापावीत आणि फेव्हिकॉलने चिकटवावीत. स्प्रे-रंगातल्या द्रावकाने फोम विरघळतो, म्हणून आधी पाण्यात मिसळणाऱ्या रंगाचा हात द्यावा. आजची छायाचित्रे पाहून काम करताना काळाचे भान ठेवणे आवश्यक आहे: खांदेरीचे दीपगृह 1867 चे आहे, तिथली तटबंदी त्या ऑक्टोबरात अपुरी होती, आणि जंजिऱ्याचा सिद्दी उंदेरीवर उतरला तो जानेवारी 1680 मध्ये, त्यामुळे उंदेरी मोकळीच दाखवावी.

लाटांसाठी फेव्हिकॉलमध्ये भिजवलेला टिश्यू पेपर सुरकुत्या पाडून फक्त खोल पाण्यावर लावावा, कारण उथळ भागावर प्लास्टिक सपाट बसायला हवे. शेवटी चकचकीत वॉर्निशचे दोन हात, पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा, असे द्यावेत आणि चारही तुकडे उभे करून सावलीत ठेवावेत.