पाठीवर सॅक, सोबत नवरा: पहिले दोन दिवस

दिवाळी उरकली की निघा. मार्चनंतर मराठवाड्यात पायी हिंडायचं नाव काढू नका.

छत्रपती संभाजीनगरातून पहिल्या दिवशी दौलताबाद, सुमारे १५ किलोमीटर, बस्स. दुसऱ्या दिवशी घाट चढून खुलताबाद, मग खाली वेरूळ. मंगळवारी लेणी बंद असतात, तेव्हा वार बघूनच निघा.

सामान निम्मं-निम्मं वाटत बसू नका. आमचे हे तंबू आणि स्टोव्ह घेतात, मी शिधा नि कपडे. पाणी मात्र ज्याचं त्याच्याकडे. रुसवाफुगवी झाली की दोघांत अंतर पडतंच, आणि बाटली नेमकी पुढच्याकडे असते! सॅकचा कंबरपट्टा आधी आवळा, खांद्याचे पट्टे नंतर. वजन कमरेवर बसलं पाहिजे. टाच चुरचुरली की तिथंच बूट काढा, मोजे बदला, चिकटपट्टी लावा. ‘पुढच्या गावात बघू’ म्हटलं की फोड आलाच.

डब्यात धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दहीभात नको, उन्हात आंबतो.

दौलताबादचा किल्ला चढायचा तर सॅक कुठं ठेवायची ते आधी ठरवा. अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, वटवाघळं असतात, पायऱ्याही चाचपत चढाव्या लागतात. पाठीवर ओझं घेऊन तिथं शिरू नका.