फोटोंची भिंत सजवताना या चुका टाळा

एका गणपतीच्या आधी, घराला रंग काढायचा म्हणून आम्ही हॉलमधल्या फ्रेमा उतरवल्या. आजीचा नऊवारीतला, स्टुडिओत काढलेला एकुलता एक फोटो काचेला घट्ट चिकटलेला होता. मी तो अलगद ओढला, तरी पदराचा भाग काचेवरच राहिला. म्हणून खिळे, अंतर, मांडणी हे सगळं नंतर. आधी ही चूक.

जुना मूळ फोटो भिंतीवर लावू नका. जुन्या फोटोवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. पावसाळी दमट हवेत तो मऊ होतो, काचेला टेकलेला असेल तर चिकटतो आणि हवा कोरडी झाली की तसाच धरून बसतो. फोटो स्कॅन करा, चांगल्या कागदावर प्रत काढा, ती लावा आणि मूळ फोटो कपाटात कोरडा ठेवा. प्रतीलाही काचेचा स्पर्श नको. फ्रेमवाल्याला जाड माउंट, म्हणजे फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, घालायला सांगा. माउंट शोभेपुरता असतो असं अनेकांना वाटतं, पण फोटो आणि काच यांच्यात हवा खेळायला तोच जागा ठेवतो. फोटो आधीच चिकटला असेल तर ओढू नका, गरम करू नका, पाणी लावू नका. काचेसकट स्कॅन करून घ्या. मी एवढं केलं असतं तर पदर वाचला असता.

दुसरी चूक भिंत निवडताना होते. मुंबई-कोकणात पाऊस नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या बाहेरच्या भिंती आधी ओल धरतात. पापुद्रे सुटलेली, लोणा (ओलीमुळे येणारे पांढरे क्षार) लागलेली किंवा पलीकडे बाथरूम असलेली भिंत सोडून द्या. दोन खोल्यांमधली आतली भिंत उत्तम. तिथेही प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे किंवा रबराचे छोटे तुकडे चिकटवा. मागून वारा फिरतो, कसर आणि बुरशी कमी लागते आणि फ्रेम सरकतही नाही. थेट ऊन पडणारी भिंतही टाळा, रंगीत प्रिंट उन्हात विटतात.

उंचीचं म्हणाल तर आपल्याला जुनी सवय नडते. जुन्या घरांत तसबिरी पार वर, दोरीवर पुढे कललेल्या असत. राजा रविवर्म्याचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत सुरू झाला आणि देवादिकांची छापील चित्रं घरोघरी पोचली, तीही बहुधा अशीच टांगली गेली. देवाला वर बघणं ठीक, पण बारशाचा फोटो मान वर करून बघायचा नसतो. सगळ्या फ्रेमांचा मिळून मध्य जमिनीपासून साधारण 145 सेंटीमीटरवर ठेवा. सोफ्याच्या वर लावत असाल तर सोफ्याच्या पाठीपासून 15 ते 20 सेंटीमीटर सोडून सुरुवात करा, नाहीतर फोटो हवेत तरंगल्यासारखे दिसतात.

हार घातलेला फोटो या गर्दीत बसवू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यापर्यंत रोज हात पोचायला हवा, फुलांचं पाणी शेजारच्या फ्रेमवर गळायला नको. त्याला स्वतंत्र, शांत जागा द्या. त्याच माणसाचा हसरा, घरगुती फोटो मात्र या भिंतीवर जरूर असू द्या.

मांडणी थेट भिंतीवर ठरवायला गेलात की दहा फ्रेमांसाठी वीस भोकं पडतात. वर्तमानपत्राचे फ्रेमच्या मापाचे तुकडे कापून मास्किंग टेपने लावा आणि दोन दिवस तसेच ठेवा. फ्रेमांमध्ये 5 ते 8 सेंटीमीटर अंतर पुरतं. इथे एक गोष्ट हमखास विसरते: खिळा फ्रेमच्या वरच्या कडेवर येत नाही. मागची तार ताणून धरा, ती कडेपासून किती खाली येते ते मोजा आणि नेमकी तीच खूण कागदावर करा.

ड्रिल लावण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत भोक पाडायचं नाही, हे पक्कं करा. आतून वायर गेलेल्या असतात. मग भुकटी बघा. लाल आली तर वीट. राखाडी आली आणि ड्रिल पुढे जाईना तर काँक्रीट, तिथे हॅमर ड्रिलच हवं. आधी प्लॅस्टर लागतं, म्हणून थोडं आत गेल्यावरचा रंग धरा. पांढरी, मऊ भुकटी खोलवर येत राहिली तर सिपोरेक्सचे, म्हणजे हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटचे, ब्लॉक आहेत. तिथे हॅमर बंद ठेवा आणि लांब नायलॉनची गिट्टी (भोकात बसवून आत स्क्रू पिळायचा प्लग) वापरा. नुसता खिळा काही महिन्यांत सैल होतो. 12 बाय 18 इंचाच्या फ्रेममध्ये 2 मिलिमीटरची काच एकटीच पाऊण किलोच्या आसपास भरते, त्यामुळे डिस्टेंपरवर चिकटवलेल्या हुकांवर तिचा भरवसा ठेवू नका. हुक रंगाच्या पापुद्र्यासकट खाली येतो. पलंगाच्या किंवा पाळण्याच्या वरच्या फ्रेमांना काचेऐवजी ॲक्रिलिक घ्या. ते निम्म्याहून हलकं असतं.

फ्रेम सारखी वाकडी होत असेल तर एका खिळ्याऐवजी दोन खिळे एका पातळीत, पाणसळ (स्पिरिट लेव्हल) लावून ठोका. चुकीचं भोक पडलंच तर वॉलपुट्टी भरा, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासा आणि रंगकामातून उरलेला डबा शोधा. नवा आणलेला रंग जुन्या भिंतीवर ठिगळासारखा दिसतो.