हात किती सरकला: डेस्कटॉप प्रोग्रॅममध्ये माऊसची हालचाल नीट वाचण्यासाठी

आमच्या आप्पांचं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात पॅटर्नचं शॉप आहे. पॅटर्न म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांसाठी ते लाकडी पॅटर्न करतात. आता ड्रॉइंगबरोबर थ्रीडी फाइलही येते, म्हणून मी त्यांच्यासाठी लिनक्सवर एक छोटा व्ह्यूअर लिहिला. मधलं बटण दाबून माऊस ओढला की पीस फिरतो, एवढंच त्याचं काम. पहिल्याच दिवशी आप्पा एक पंपाचं हाउसिंग फिरवायला बसले आणि अर्ध्यात अडकले. कर्सर पडद्याच्या उजव्या कडेला टेकला होता. हात पुढे जात होता, पण पीस जागचा हलत नव्हता.

"कोअर प्रिंट तर पलीकडच्या अंगाला आहे. तिकडनं बघायचं कसं गं?" (कोअर प्रिंट म्हणजे पॅटर्नवरचा उंचवटा. साच्यात त्याची जी खाच पडते तिच्यात पोकळी करणारा कोअर बसतो.)

चूक माझ्या कोडमध्ये होती, आणि ती बऱ्याच जणांकडून होते. मी कर्सरची नवी जागा घेऊन त्यातून जुनी जागा वजा करत होते. कर्सर कडेला थांबला की वजाबाकी शून्य येते.

माऊसला पडदा माहीतच नसतो. तो फक्त सांगतो की मी आडवा तीन घर सरकलो, उभा एक घर. लिनक्सचा कर्नल हे आकडे इव्हेंट म्हणून पुढे देतो आणि प्रत्येक गठ्ठ्याच्या शेवटी 'रिपोर्ट संपला' अशी खूण टाकतो. लिबइनपुट ही माऊस-टचपॅड सांभाळणारी लायब्ररी ते उचलते आणि वेगाप्रमाणे वाढवते किंवा कमी करते. मग कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्रॅम, ते कर्सरच्या जागेत मिळवतो, पडद्याच्या कडेशी छाटतो आणि उरलेली जागा तुमच्या खिडकीला कळवतो. म्हणजे आपल्याला हवी ती माहिती वाटेत शाबूत होती. आपण ती छाटल्यानंतर मागत होतो.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. टर्मिनलमध्ये सुडो लावून 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा, कर्सर कडेला नेऊन टेकवा आणि माऊस तसाच पुढे ढकला. कर्सर हलणार नाही, आकडे मात्र येत राहतील. हालचालीच्या प्रत्येक ओळीत आकड्यांच्या दोन जोड्या असतात. पहिली वेगाप्रमाणे बदललेली आणि कंसातली न बदललेली. या दोन जोड्या लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

जुना उपाय म्हणजे कर्सर दर वेळी उचलून खिडकीच्या मधोमध ठेवायचा आणि मधल्या बिंदूपासूनचा फरक मोजायचा. मी तो करून पाहिला आणि काढून टाकला. कर्सर आपण हलवला तरी त्याचाही इव्हेंट येतो, तो ओळखून वगळावा लागतो. रांगेत आधीचे इव्हेंट पडून असतील तर पीस एकदम झटका खातो. शिवाय वेलँडच्या, म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅम आणि कंपोझिटर ज्या नव्या पद्धतीने बोलतात तिच्या, मूळ प्रोटोकॉलमध्ये कर्सर उचलून दुसरीकडे ठेवण्याची विनंतीच नाही.

वेलँडवर दोन विस्तार एकत्र वापरायचे. पहिला 'रिलेटिव्ह पॉइंटर'. त्याच्या मॅनेजरकडे आपला पॉइंटर देऊन रिलेटिव्ह पॉइंटर मागायचा. मग प्रत्येक हालचालीला मायक्रोसेकंदातली वेळ आणि चार आकडे येतात: आडवी-उभी सरक बदललेली, आणि तीच न बदललेली. हे इव्हेंट आपल्या खिडकीवर पॉइंटरचा फोकस असेल तेव्हाच येतात. दुसरा विस्तार 'पॉइंटर कन्स्ट्रेंट्स'. त्यातला 'लॉक' कर्सरला आहे त्या जागी थांबवतो. लॉक चालू असताना नेहमीचे जागेचे इव्हेंट बंद होतात, सरकेचे चालू राहतात. लॉक नसेल तर कर्सर ओढत शेजारच्या खिडकीवर जातो, म्हणून दोन्ही लागतातच.

लॉक मागितला म्हणजे मिळाला असं धरू नका. देणं न देणं कंपोझिटरच्या हातात आहे. 'लॉक झालं' हा इव्हेंट आल्यावरच कर्सर लपवा. 'लॉक सुटलं' हा इव्हेंट कधीही येऊ शकतो, कारण माणूस मध्येच दुसऱ्या खिडकीकडे वळतो. तो आला की फिरवणं तिथेच थांबवा, साठवलेली सरक शून्य करा आणि कर्सर दाखवा. नाहीतर खिडकीवर परत आल्यावर पीस भलतीकडे उडी मारतो. लॉकचा एकवेळचा आणि कायमचा असे दोन प्रकार आहेत. बटण दाबून फिरवण्याच्या कामाला मी एकवेळचा घेते: बटण दाबलं की लॉक तयार, सोडलं की नष्ट. कर्सर जिथे थांबला तिथेच परत दिसतो, आणि आप्पांना तो शोधावा लागत नाही. तुम्ही लॉक असताना स्वतःचा कर्सर वेगळ्या जागी काढत असाल, तर सुटण्याआधी ती जागा सुचवता येते. पण ती सूचना सरफेस कमिट केल्यावरच, म्हणजे खिडकीतले बदल कंपोझिटरकडे पक्के केल्यावरच, लागू होते. माझी एक संध्याकाळ तेवढ्यात गेली.

वेलँडच्या आधीच्या एक्स ११ वर त्याच्या एक्सइनपुट २ या विस्तारातला 'रॉ मोशन' इव्हेंट रूट विंडोवर, म्हणजे सगळ्या खिडक्यांच्या मुळाशी असलेल्या खिडकीवर, मागायचा. आवृत्ती किमान २.१ मागा. २.० मध्ये दुसऱ्या कुणी पॉइंटर धरून ठेवला असेल तर हे इव्हेंट आपल्याकडे येत नाहीत. आणि ते फोकस कुठे आहे ते बघत नाहीत, म्हणून आपली खिडकी पुढे आहे का ते आपणच तपासायचं.

एसडीएल ही खिडकी आणि माऊस सांभाळणारी तयार लायब्ररी वापरत असाल तर यातलं बरंच आयतं मिळतं. त्याचा रिलेटिव्ह माऊस मोड चालू केला की खाली वेलँड असो, एक्स असो की विंडोज, सरक हातात येते. जीएलएफडब्ल्यू या तशाच लायब्ररीत कर्सर 'डिसेबल्ड' करायचा आणि वर रॉ मोशन चालू करायचं. ब्राउझरमध्ये पॉइंटर लॉक.

आता त्या दोन जोड्यांकडे. कडेची अडचण सुटल्यावर आप्पांनी पीस परत फिरवला. आधी सावकाश, मग भरभर. म्हणाले, "दोन्ही बारी हात तेवढाच फिरवलाय मी. मग हे दुसऱ्यांदा जास्त का फिरलं?"

ज्या माणसाचा हात चाळीस वर्षं पटाशीवर बसलाय, त्याला हा फरक लगेच कळला. मी बदललेली जोडी वापरत होते. वेगाप्रमाणे सरक वाढवणं कर्सरला फार उपयोगाचं आहे, कारण एका झटक्यात मोठा पडदा पार होतो आणि सावकाश नेलं तर छोट्या बटणावर नेमकं थांबता येतं. पण वस्तू फिरवताना, कॅमेरा वळवताना हाताची लांबी आणि कोन यांचं नातं पक्कं लागतं. तिथे न बदललेली जोडी घ्या. यादी सरकवणं किंवा स्लायडर ओढणं अशा कामाला बदललेली चालते, कारण तिथे माणसाचा हात कर्सरच्या सवयीने चालतो.

न बदललेली जोडी घेतली की माऊसचा डीपीआय, म्हणजे एका इंचाला तो किती घरं मोजतो तो आकडा, मध्ये येतो. लिबइनपुट हे आकडे उपकरणाच्या स्वतःच्या मापात देतं. १००० डीपीआयच्या माऊसवर एक इंच, म्हणजे २५.४ मिलिमीटर सरकल्यावर १००० घरं मोजली जातात. हात १०० मिलिमीटर सरकल्यावर पीस एक पूर्ण फेरा फिरावा असं आम्ही ठरवलं. १०० मिलिमीटर म्हणजे साधारण ३९३७ घरं. ३६० भागिले ३९३७, म्हणजे एका घराला ०.०९१ अंश. हाच आकडा १६०० डीपीआयच्या माऊसला लावला तर तेवढ्याच हाताला पीस दीडपटीहून जास्त फिरेल. म्हणून हा गुणक कोडमध्ये गाडू नका, सेटिंगमध्ये ठेवा. टचपॅडला तर वेगळाच ठेवावा लागतो. माऊसच्या खोक्यावर डीपीआय लिहिलेला नसेल तर 'माऊस-डीपीआय-टूल' नावाची छोटी कमांड आहे. माऊस २५० मिलिमीटर सरळ ओढला की ती अंदाज सांगते. आम्ही आप्पांची ३०० मिलिमीटरची स्टीलची पट्टी टेबलावर ठेवून माऊस तिच्या कडेने नेला.

सरकेचे आकडे अपूर्णांकात येऊ शकतात. ते पूर्णांकात तोडू नका. पॅटर्नच्या कामात ओतीव लोखंडाला मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर श्रिंकेज धरतात, आणि त्यासाठी पट्टीच तेवढी मोठी असते. प्रत्येक मापात कुणी ते दशांश सोडत गेलं तर कास्टिंग हमखास लहान येतं. इथेही तसंच. हात अगदी सावकाश चालला की, विशेषतः बदललेल्या जोडीत, प्रत्येक इव्हेंट ०.४, ०.६ असा येऊ शकतो, आणि तोडलात तर पीस हलतच नाही. बारीक बघण्याची गरज नेमकी तेव्हाच असते. एसडीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत हे आकडे पूर्णांकात यायचे, तिसऱ्यात अपूर्णांकात येतात.

प्रत्येक इव्हेंटला चित्र नव्याने काढू नका. साधा यूएसबी माऊस सेकंदाला १२५ वेळा बोलतो, गेमिंगचा १००० वेळा, आणि पडदा बहुधा ६० वेळा बदलतो. आलेली सरक बेरजेत टाकत जा, फ्रेम काढताना ती वापरा आणि बेरीज शून्य करा. त्या बेरजेला फ्रेमच्या वेळेने गुणू नका. कळ दाबून पीस फिरवताना वेळेने गुणावं लागतं, कारण तिथे आपल्याकडे वेग असतो. माऊसकडून अंतरच येतं. गुणलंत तर संगणक दमला की पीस जास्त फिरेल आणि मोकळा झाला की कमी.

झालं की असं तपासा. टेबलावर पट्टीने १०० मिलिमीटरच्या दोन खुणा करा. पिसाची एखादी कड पडद्यावर हेरून ठेवा. माऊस पहिल्या खुणेवरून दुसरीपर्यंत भर्रकन न्या, मग तितकाच सावकाश परत आणा. कड होती तिथे परत यायला हवी. फरक पडला तर पहिल्यांदा बघा की चुकून बदललेली जोडी तर घेतली नाही, आणि मग दशांश कुठे गळतात ते शोधा. आमच्याकडे आप्पांनी हे पाच-सहा वेळा केलं, मान हलवली आणि हाउसिंगच्या पलीकडच्या अंगाचा कोअर प्रिंट बघायला घेतला.