जुईची पानं मुडपली तर आधी पहाटे बघा, मग फवारा

एप्रिल लागला की सोलापुरात दारावरच्या जुईची पानं होडीसारखी वळायला लागतात आणि आपण थेट कृषी सेवा केंद्र गाठतो. मीही गाठलं होतं. तिथून आणलेलं गंधक भर उन्हाळ्यात, सकाळी दहाला फवारलं आणि चार दिवसांत अर्धा वेल करपला. वेलावर कीड नव्हतीच, तो तहानलेला होता. ताप सर्दीनेही येतो आणि मलेरियानेही, तसंच पान मुडपण्याचं आहे. म्हणून हा लेख निम्म्याहून जास्त ओळखण्याबद्दल आहे.

एकाच वेलाकडे दोनदा बघा

एकदा दुपारी तीनला आणि मग दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आधी. दुपारी वळलेलं पान पहाटे सपाट झालेलं असेल तर घाबरू नका. पारा 40च्या वर गेला की पान कडा आत घेतं, म्हणजे उन्हासमोरचा पसारा कमी होतो आणि पाणी वाचतं. पहाटेही पान वळलेलंच दिसलं, तर मात्र काहीतरी बिघडलं आहे.

मग कुठली पानं वळलीत ते बघा. फक्त शेंड्याची कोवळी पानं असतील तर बहुतेक कीड. जुन्या पानांसकट सगळा वेल असेल तर मुळं, पाणी किंवा क्षार. पत्र्याकडच्या किंवा चुना दिलेल्या भिंतीकडच्या बाजूचीच असतील तर तिथून परतणारी धग. अशा वेळी वेल वीतभर पुढे ओढून तारेवर बांधा आणि मे संपेपर्यंत हिरवी शेडनेट लावा.

माती हातात घ्या

आपल्याकडे खरी गोम इथेच असते. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यामुळे पाणी आलं की आळं तुडुंब भरायचं आणि मग पुढचं पाणी येईपर्यंत वेल कोरडा. त्यात काळी माती असेल तर तिला भेगा पडतात. पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि मुळांजवळची ढेकळं कोरडीच राहतात. वरून ओलं दिसतं म्हणून आपण फसतो.

खुरप्याने चार बोटं खोल उकरा आणि तिथली माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि अंगठ्याने टेकवताच फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे ओल बेताची आहे, पाणी देऊ नका. गोळाच होत नसेल तर तहान. हाताला चिकटली आणि कुबट वास आला तर पाणी जास्त झालंय. गुदमरलेल्या मुळांचा वेलही मरगळून पानं खाली वळवतो, आणि आपण तहान समजून आणखी पाणी ओततो. माझ्या पाहण्यात कुंड्यांतल्या जुया जास्त करून अशाच गेल्या.

तहानेवर उपाय सोपा आहे. आधी भेगा हलक्या हाताने मोडून बुजवा. संध्याकाळी बादलीला बारीक भोक पाडून पाणी हळूहळू जिरू द्या. आळ्यात उसाच्या पाचटाचा तीन बोटं थर अंथरा, फक्त खोडाला चिकटवू नका. जास्त पाणी झालं असेल तर आठवडाभर पाणी बंद ठेवा आणि कुंडीचं भोक मोकळं करा.

बोअरचं पाणी देत असाल तर मातीवर पांढरी साय धरली आहे का बघा. पानांच्या कडा तपकिरी होऊन वळत असतील तर ते क्षारांचं काम. वरचा बोटभर थर खरवडून टाका आणि नळाचं किंवा पावसाचं गोडं पाणी एकदाच भरपूर द्या. कुंडी असेल तर तिच्या दुप्पट पाणी खालून निघून जाऊ द्या. आरओ मशीनचं टाकाऊ पाणी वेलाला घालू नका, त्यात क्षार आणखी दाटलेले असतात.

कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाहीये. लिटरभर पाण्यात 5 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून महिन्यातून एकदा संध्याकाळी फवारा.

कीड आहे का? कागद धरा

वळलेल्या शेंड्याखाली पांढरा कागद धरून फांदीला टिचक्या मारा. सुईच्या टोकासारखे लांबट, सरपटणारे किडे पडले तर फुलकिडे. मिरचीवर यांनी पान कोकडलं की शेतकरी त्याला बोकड्या म्हणतात. हलणारे ठिपके बोटाने चिरडल्यावर लालसर रेघ उमटली तर लाल कोळी. कोवळ्या देठाला हिरवट दाटी आणि मुंग्यांची ये-जा दिसली तर मावा. पानं जाळीने एकमेकांना चिकटलेली आणि आतून खरवडलेली असतील तर अळी. पान-देठांवर पांढरी लोकरीसारखी लव दिसली, तर ती बुरशी समजू नका, तेही एका अतिसूक्ष्म कोळ्याचंच काम आहे.

जुईची फुलं देवाला जातात, गजऱ्यात जातात, म्हणून मी तीव्र विषाकडे वळतच नाही. आधी पानांच्या खालच्या बाजूवर पाण्याचा जोरदार फवारा, तीन दिवस रोज सकाळी. मावा आणि कोळी यानेच बरेच धुऊन जातात. मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1 मिली द्रवरूप साबण. साबण आधी तेलात घोटा, नाहीतर तेल वर तरंगतं. फुलं तोडून झाल्यावर, ऊन उतरल्यावर फवारा आणि आठवड्याने पुन्हा, असं तीनदा. पहिल्यांदा एकाच फांदीवर मारून दोन दिवस थांबा.

अळीची जाळी हाताने काढून साबणाच्या पाण्यात बुडवा. लव धरलेल्या फांद्या कापून पिशवीत बांधून टाका. त्यासाठी गंधक चालतं, पाण्यात मिसळणारी 80 टक्क्यांची पूड लिटरला 2 ग्रॅम, पण फक्त थंडीत. तेल फवारल्यावर तीन आठवडे गंधक नको. जुईची छाटणी जानेवारीत करा, उन्हाळ्यात कात्री लावू नका.

एका प्रकारात मात्र औषध चालत नाही. पानं दोरीसारखी अरुंद, पिळलेली असतील आणि शेजारी उसात किंवा ज्वारीत तणनाशक मारलेलं असेल, तर ते वाऱ्याने आलंय. पाणी बेताने देत वाट बघा.

वळून ताठरलेलं जुनं पान पुन्हा सरळ होत नाही, त्यामुळे त्याच्याकडे बघून उपाय फसला असं ठरवू नका. उपाय सुरू कराल त्या दिवशी चार-पाच शेंड्यांखाली लाल दोरा बांधा. तीन आठवड्यांनी दोऱ्याच्या वर फुटलेलं पान पहाटे सपाट दिसलं, की फवारणी थांबवा.