केगमध्ये साखर घालून बिअर फसफसवताय? प्रेशरच्या या चुका टाळा

आधीच सांगून टाकतो, हे सगळं अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया असल्या ठिकाणी राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे, जिथे घरी स्वतःपुरती बिअर बनवणं कायदेशीर आहे. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने ती मोकळीक दिली, वर्षाला माणशी 100 गॅलन आणि घरात दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर 200, आणि विकायची मात्र नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे पुण्यात बसून वाचत असाल तर नुसतं वाचा.

तर मुद्दा असा, की सिलिंडर आणि रेग्युलेटरचा खर्च नको म्हणून लोक केगमध्येच, म्हणजे बिअर साठवायच्या बंद पिंपातच, थोडी साखर टाकतात, झाकण लावतात, यीस्ट ती साखर खातं आणि गॅस बिअरमध्येच मुरतो. मस्त पद्धत आहे, चवही छान येते. पण सिलिंडरवर गॅस बंद करायला कॉक असतो, इथे नसतो. एकदा झाकण लावलं की आत जेवढी साखर आहे तेवढा गॅस होणारच, तुम्ही गेज बघत बसा नाहीतर झोपा. म्हणून हिशोब झाकण लावायच्या आधी करायचा.

आणि हिशोब सोपा आहे हो. लिटरला 4 ग्रॅम साखर म्हणजे साधारण 1 व्हॉल्यूम गॅस, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर गॅस मुरलेला. 20 डिग्रीला आंबून झालेल्या बिअरमध्ये आधीच 0.85 च्या आसपास गॅस असतो. बाटलीला आपण लिटरमागे 6-7 ग्रॅम घालतो, ते धरून एकूण अडीच व्हॉल्यूमच्या जवळ जातं.

सगळ्यात कॉमन चूक : बाटलीचा हिशोब मिनी केगला लावणं

तो पाच लिटरचा पत्र्याचा डबा असतो ना, वर रबरी बूच आणि खाली प्लास्टिकचा नळ, तो पातळ असतो. बाटलीच्या हिशोबाने 30-35 ग्रॅम घातली की खोलीच्या तापमानाला आत 27-28 पीएसआय (दाबाचं माप) होतात, म्हणजे आपल्या कुकरच्या जवळपास दुप्पट, आणि तेही आठवडाभर सतत. मग तळ फुगतो, डबा टेबलवर डुलायला लागतो. निम्मी घाला, 15 ते 18 ग्रॅम. प्रेशर 14-15 वर थांबतं, बिअर जरा कमी फसफसते पण इंग्लिश एल किंवा स्टाउट असेल तर तेच बरोबर आहे. साखर वजनाने घ्या, चमचे मोजू नका, एक चमचा सपाट एक शिगोशीग आणि पाच लिटरमध्ये तेवढा फरक कळतो.

19 लिटरचा स्टीलचा कॉर्नी केग मात्र वेगळा प्राणी आहे. हे मुळात सोडा सिरपसाठी बनलेले, बहुतेकांवर कडेला 130 पीएसआय ठोकून लिहिलेलं असतं. तिथे 80 ते 100 ग्रॅम साखर आरामात चालते. प्लास्टिकचे केग, इंग्लंडातले ते मोठ्या फिरकीच्या झाकणाचे प्रेशर बॅरल, सगळ्यांची मर्यादा वेगळी, काहींची तर फारच कमी, त्यामुळे अंगावर किंवा माहितीपत्रकात काय लिहिलंय ते वाचा आणि त्याच्या बरंच खाली राहा. 2012 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका ब्रूअरीत केग धुताना प्लास्टिकचा केग फुटून कामगार गेला होता. तिथे दाबाची हवा होती, साखर नव्हती, पण फुटणाऱ्या प्लास्टिकला त्याने काय फरक पडतो?

बिअर अजून आंबतेय आणि तुम्ही झाकण लावलंत

बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं नाही. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे बिअरमध्ये तरंगवून तिची घनता मोजायची नळी, तीन दिवसांच्या अंतराने दोन रीडिंग सारखी आली पाहिजेत, नमुन्यातला गॅस ढवळून काढून टाकून. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे थेंबभर नमुन्यातून उजेड किती वाकतो त्यावरून साखर सांगणारं यंत्र, इथे फसवतो, अल्कोहोल आलं की त्याचा आकडा तसाच्या तसा धरता येत नाही. हायड्रोमीटरचा एक पॉइंट, म्हणजे 0.001, हा साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस. समजा 1.010 ला थांबणारी बिअर तुम्ही 1.016 ला बंद केली, तर सहा पॉइंट म्हणजे वरून तीन व्हॉल्यूम, आणि त्यात तुमची साखर अजून धरलेलीच नाही. 20 डिग्रीला हे 50 पीएसआय होतं. तोच केग उन्हाळ्यात 35 डिग्रीच्या गॅरेजमध्ये ठेवला तर 80 च्या घरात. कॉर्नी सोसेल. पत्र्याचा डबा नाही.

सेझों या बेल्जियन बिअरची काही यीस्टं तर अजून चिवट, बाकीच्या यीस्टने सोडून दिलेली जड साखरही ती हळूहळू फोडून खातात, महिन्याभराने सुद्धा. डायास्टॅटिकस असा शब्द पाकिटावर दिसला तर मिनी केगच्या वाटेला जाऊ नका. नंतर भरपूर हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) टाकले तरी असंच थोडं आंबणं परत सुरू होतं.

आमरसाचा डबा

ही आपली खास चूक. इंडियन स्टोअरमधून हापूस किंवा केसर पल्पचा 850 ग्रॅमचा डबा आणायचा आणि केगमध्ये ओतायचा, मँगो एल! अरे पण डब्याच्या मागे साखर किती लिहिलीय बघा की. 100 ग्रॅमला 18 धरली तरी अख्ख्या डब्यात दीडशे ग्रॅम. 19 लिटरमध्ये दोन व्हॉल्यूम वाढले, आणि पाच लिटरच्या डब्यात अर्धा जरी ओतला तरी जवळजवळ चार! पल्प आधी फर्मेंटरमध्ये, म्हणजे आंबवायच्या भांड्यात, घाला, पूर्ण आंबू द्या, मग केगमध्ये भरा. गुळाचंही तसंच, त्यात पाणी किती साखर किती ते ढेपेगणिक बदलतं, त्यामुळे केगसाठी साधी साखरच बरी. आणि गोड जिंजर बियर अर्धवट आंबवून केगमध्ये बंद करणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, फ्रिज यीस्टला सुस्त करतो, मारत नाही.

व्हॉल्व्हच्या भरवशावर राहणं

झाकणावरची सेफ्टी रिंग, म्हणजे पीआरव्ही (प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह), ही कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखी आहे, शिट्टी नव्हे. ती उडायला लागली म्हणजे गोष्ट आधीच हाताबाहेर गेलीय. शिट्टीचं काम करतो तो स्पंडिंग व्हॉल्व्ह, जो ठरवलेल्या प्रेशरवर जास्तीचा गॅस सोडत राहतो. तो लावायचा असेल तर गॅसच्या पोस्टवर, म्हणजे केगच्या गॅसची नळी जोडायच्या तोंडावर, लावा आणि केग काठोकाठ भरू नका, नाहीतर फेस वर चढून व्हॉल्व्हमध्ये जातो, वाळतो, चिकटतो, आणि मग तुमची शिट्टीच बंद. भरण्याआधी पीआरव्ही प्रत्येक वेळी उचलून बघा, वाळलेल्या गोड बिअरने अडकलेला निघतो. जुन्या पिन लॉक केगच्या (कॉर्नीचाच एक प्रकार) काही झाकणांना ओढायची रिंगच नसते, तेही तपासा. वर मोकळी जागा ठेवायचं अजून एक कारण म्हणजे बिअर गरम झाली की फुगते, आणि तिला जायला जागाच नसेल तर प्रेशर झपाट्याने वर जातं.

गेज बघून घाबरणं

हेही होतं. 20 डिग्रीला 28 पीएसआय दिसले की लोक रिंग ओढून गॅस सोडतात आणि मग म्हणतात बिअर फ्लॅट झाली. कॉर्नीमध्ये 28 ठीक आहे हो, तोच केग 4 डिग्रीला नेला की 12 च्या आसपास येतो. उलट खोलीच्या तापमानाला 12 बघून खूश होऊ नका, थंड झाल्यावर त्यात दम राहणार नाही.

आता समजा खरंच जास्त झालंय. गरम केग उघडू नका, रिंग ओढलीत तर छतापर्यंत फेस. हलवू नका, दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवा, प्रेशर निम्म्याहून खाली येतं, मग थोडा थोडा गॅस सोडा, थांबा, परत सोडा. पत्र्याचा डबा फुगलेला असेल तर आधी गॉगल आणि जाड हातमोजे, डब्यावर जाड चादर, तोंड आणि पोरं लांब, आणि थंड झाल्याशिवाय बुचाला हात नाही, ते बूच गोळीसारखं उडतं. नंतर तो डबा भंगारात, ठोकून सरळ करून परत वापरायचा नाही.

आणि गॅस धरलाच नाही असं झालं तर बहुतेक वेळा झाकण गळतंय. कॉर्नीचं झाकण आतल्या दाबानेच घट्ट बसतं आणि साखरेच्या पद्धतीत सुरुवातीला तो दाबच नसतो. झाकणाच्या रबरी रिंगला फूड ग्रेड ग्रीस लावा, कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या काडतुसाने एकदा 20-25 पीएसआय गॅस मारा, साबणाचं पाणी फिरवून बुडबुडे बघा, आणि मगच आठवडा-दोन आठवडे कोपऱ्यात ठेवा.